गार इंजिनातली टकटक

टकटक ऐकू आली तेव्हा तिनं आधी खोलीच्या खिडकीकडे पाहिलं, इंजिनाकडे नंतर. खिडकी ट्रकपासून हातभर अंतरावर. ट्रक तिथंच लावायचा ही नवऱ्याची जुनी सवय. अंथरुणात पडल्यापडल्या बॉनेट दिसलं की झोप लागते म्हणायचा. आता तीच सवय तिच्या गळ्याशी आली होती. थंडी मरणाची होती. पुढच्या काचेवर दव गोठून बसलं होतं, स्टिअरिंग हाताला चावत होतं, आणि चावी फिरवल्यावर जुनं इंजिन नेहमीसारखं खोकून, कुरकुरून एकदाचं जागं झालं. पण त्या ओळखीच्या घरघरीखाली आज दुसरंच काहीतरी चाललं होतं. टक टक टक टक. बारीक, कोरडं, अंगठीनं रिकाम्या डब्यावर वाजवावं तसं. तिनं पाय जरा दाबला तर टकटकही धावायला लागली. पाय उचलला तर तीही दमानं चालू लागली. तेलाच्या दाबाचा काटा जागेवर होता. खाली उतरून तिनं फडक्यानं काच पुसली, एक बाजू, मग दुसरी, आणि पुसून होईपर्यंत आवाज विरत विरत गेला. जणू वाजलाच नव्हता. खिडकीचा पडदा हलला नाही. पण त्यानं ऐकलं होतं. गल्लीच्या तोंडाशी वळणारी गाडी कुणाची आणि तिचा कुठला गिअर कुरकुरतोय हे जेवता जेवता सांगणारा माणूस. त्याचे कान शाबूत होते.

गेलं होतं ते उजवं अंग आणि शब्द. मागच्या हिवाळ्यात बुटाची नाडी बांधता बांधता तो एका बाजूला कलला, आणि नाडी खाली पडली म्हणून शोधतोय असं तिला वाटलं. किती वेळ वाटत राहिलं, कोण जाणे. दवाखान्यातून घरी आला तेव्हा बोलण्यातला एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता: नाही. तहान लागली तरी नाही, उशी उंच हवी असली तरी नाही, सगळं ठीक असलं तरी नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं की त्यांना कळतं सगळं, काय सांगायचं तेही मनात पक्कं असतं, पण तोंडापर्यंत येता येता शब्द वाट चुकतो. पहिल्यापहिल्यांदा दोघं हसली त्यावर. चहा हवा? नाही, म्हणायचा, आणि डावा हात कपासाठी पुढे. मग हसू झिजलं. तिनं त्या नाहींची बाराखडी करायचा प्रयत्न केला. आखूड नाही म्हणजे हो, लांबवलेलं म्हणजे नको, नाकातून आलेलं म्हणजे पुरे आता. एखादा दिवस बाराखडी जुळायची, दुसऱ्या दिवशी सगळं पुसलेलं. पाणी हवंय समजून ती पेला धरायची आणि तो तिच्याकडे असा बघायचा की हातातला पेला फेकून द्यावासा वाटायचा. तिनं कधी फेकला नाही. पण वाटायचं, हे खरं.

ट्रक तिनं चालवायला घेतला तो गरजेपोटी, असं सगळ्यांना वाटत होतं आणि तिनं वाटू दिलं होतं. त्याच्याशेजारी बसून अर्धं आयुष्य गेलेलं, सपाट रस्त्यावर त्यानंच तिच्या हाती चाक देऊन शिकवलेलं. परवाना होता, कारखान्याला भरवशाचं माणूस हवं होतं. काचेच्या कारखान्यातून तावदानांचे उभे खोके भरायचे आणि घाट उतरून खालच्या बंदराच्या गावी पोचवायचे. काच नेणं म्हणजे झोपलेलं तान्हं पोर नेणं, तो म्हणायचा. ब्रेक लागला हे पोराला कळता कामा नये. कारखान्यातले लोक तिला काचवाल्या वहिनी म्हणू लागले, आधी थट्टेनं, मग सवयीनं. वहिनी घाटात कशी टिकणार यावर पैजा लागल्या होत्या, तेच लोक आता तिला आधी भरून देत होते. एवढं सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते हे, की सकाळी शेजारच्या मावशींना खोलीत बसवून, त्याच्या कपाळावर हात ठेवून "येते हं" म्हणून ती बाहेर पडायची, केबिनचं दार ओढून घ्यायची, आणि तिच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. वळण आलं की वळण, गिअर आला की गिअर. इथं जे हवं ते हात मागायचे आणि हातच द्यायचे. कुणाच्या तोंडाकडे बघत ताटकळायला नको. खोलीत औषधाचा आणि ओल्या चादरीचा वास, आणि तो एक शब्द. इथं रस्ता. टकटक ऐकली त्या सकाळी तिला भीती वाटली ती इंजिन घाटात फुटेल याची नव्हती. ट्रक बंद पडला तर आपल्याला खोलीत बसावं लागेल, ही होती. आणि ही भीती आपल्याला वाटली हे खिडकीच्या आतल्या कानांनी ऐकलं असेल, अशी एक वेडी शंकाही.

"येते हं," म्हटल्यावर तो दर वेळी म्हणायचा, नाही. हे नाही लांबवलेलं होतं. त्याचा अर्थ लावायला तिला बाराखडी लागत नव्हती.

मग रोजच वाजू लागलं. गार असताना वाजायचं, चाक हलेपर्यंत कमी व्हायचं, आवाराच्या फाटकापाशी पुरतं गप्प. ती दिवसभर कानात प्राण आणून चालवायची आणि इंजिन दिवसभर साळसूद. जितका ट्रक शहाणा वागे तितकी ती जास्त दचके. तिला रस्त्यात भलभलतं आठवायला लागलं: लहानपणी शेजारच्या घरात कुणीतरी भिंत ठोकायचं ते, आईच्या आजारपणात नळ गळायचा तो, दवाखान्याच्या बाकावरचं घड्याळ. डोकं धरायचं. काचा वर, हीटर चालू, बाहेर पांढरं धुकं, आणि कपाळाच्या मागे कुणीतरी ओला कापूस दाबून भरतंय असं वाटायचं. रात्री त्याला कूस बदलून द्यायला उठावं लागतं, त्यामुळे आपली झोप राहते, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकदा तर मधल्या वळणावर तिला फक्त कठडा दिसला. त्याआधीचा रस्ता दिसलाच नव्हता. कठडा एकदम समोर, त्याच्या दगडांवरचं शेवाळं दिसावं इतका जवळ, आणि हातांनी चाक ओढलं तेव्हा मागे खोक्यांतून काच कुरकुरली, सगळी एकदम, दात खावेत तशी. फुटली नाही. तिनं पुढे ट्रक बाजूला घेतला, दार उघडून खाली उतरली, गार वाऱ्यात उभी राहिली, आणि थोड्या वेळानं डोकं एवढं साफ झालं की झालं ते खरं का, असा प्रश्न पडला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ट्रक त्याच दिवशी सुटला असता हातातून.

घरी येऊन ती त्याला भरवायला बसायची. चमचा तोंडाशी नेला की तो तिच्या स्वेटरच्या बाहीकडे तोंड न्यायचा, क्षणभर थांबायचा आणि झटक्यात मान फिरवायचा. नाही. नाही नाही. डाव्या हातानं तिचा हात ढकलायचा. पहिल्यांदा तिला वाटलं भात गार झालाय. मग वाटलं मीठ. मग काही वाटायचं उरलं नाही, कारण मावशींच्या हातून तोच भात तो मुकाट जेवत होता. म्हणजे तिच्या हातचं नको. म्हणजे दिवसभर बाहेर हिंडून आलेलीचं नको. एका संध्याकाळी तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, बाहेरचाच स्वेटर पुन्हा चढवला आणि जाऊन बसली. त्यानं बाही हुंगली आणि पुन्हा तेच. बाहीवरची त्याची बोटं बराच वेळ सुटेनात. तिनं ती एकेक करून सोडवली. मनात म्हणाली, तुमचा ट्रक, तुमचं चाक, मी बसले म्हणून पोटात दुखतंय ना. आणि तसं म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. रागावलेल्या माणसाला खोलीत ठेवून बाहेर पडणं सोपं असतं.

मिस्त्रीला तिनं गाठलं ते दुपारी, माल उतरवून परत येताना. त्यानं बॉनेट उचललं, कान दिला, लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक इकडेतिकडे टेकवून पाहिलं आणि हसला. दवाखान्याची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो, तसं आहे तुमच्या गाडीचं, म्हणाला. गरम इंजिनात काही सापडणार नाही. रात्रभर उभी ठेवा, गार असताना मला ऐकवा, आणि तेसुद्धा पुढच्या आठवड्यात, या आठवड्यात मान वर करायला सवड नाही. जाता जाता मात्र बजावलं, की वरून, झडपांच्या टॅपेटचा आवाज असेल तर चिंता नाही, पण खालून, पोटातून येत असेल तर बेअरिंग. मग घाट उतरू नका. वरून का खालून, एवढंच तिला कळायला हवं होतं. एवढंच कळत नव्हतं. आवाज सगळ्या इंजिनाला लागलेला असायचा आणि ती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत पळून गेलेला असायचा. सकाळी एकदाच सापडणार आणि चार घटका राहणार नाही. पाहुणा आला, पाणी विचारेपर्यंत उठलाही.

रविवारी दीर आले. नवऱ्याहून धाकटे, जुन्या गाड्या विकतात, स्वभावानं वाईट नाहीत. येताना भावासाठी मऊ कानटोपी घेऊन आले होते आणि ती त्याला स्वतःच्या हातानं घातली. चहा घेता घेता त्यांनी आवाजाची चौकशी केली. मावशींच्या तोंडून कळलं असावं. मग पलंगाच्या कडेला बसून, भाऊ समोर असताना, त्यांनी तिला समजावलं की इंजिनाचं वय झालंय, बेअरिंगनं मान टाकली म्हणजे सगळं भंगारात, तोवर चालता ट्रक कुणीतरी घेईल. आणि खरं सांगायचं तर वहिनी, ते म्हणाले, तुम्ही घरी असायला हव्यात, दादाला माणूस लागतं. ती कप बशीत फिरवत बसली. माणूस आहे ना, मावशी आहेत, असं म्हणाली नाही.

"दादा, काढून टाकू या ना ट्रक?" दिरांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग तिच्याकडे पाहून पुन्हा, "नाही."

दीर तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर दया होती. तुमच्याकडे बघून नको म्हणतोय वहिनी, नको झालाय त्याला ट्रक. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डावी भुवई वर गेलेली, ओठांच्या कडेला लाळेचा थेंब. विकू नका, की चालवू नको? त्या एका शब्दात दोन्ही मावत होते, आणि आपल्याला कुठला ऐकायचाय हे तिला इतकं ठाऊक होतं की तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास उरला नाही. उद्यासाठी कारखान्यात माल तयार होता. बघते, एवढंच म्हणाली. बुधवारपर्यंत गिऱ्हाईक घेऊन येतो, दीर म्हणाले.

सकाळी तिनं मावशींना लवकर बोलावलं. मावशी एके काळी दवाखान्यात आयाचं काम करत. माणूस उचलायचा कसा हे त्यांना पाठ. दोघींनी मिळून त्याला चाकांच्या खुर्चीत बसवला, दोन घोंगड्या गुंडाळल्या, कानटोपी नीट केली आणि खुर्ची आवारात आणून बॉनेटशेजारी लावली. कित्येक महिन्यांत तो ट्रकच्या इतक्या जवळ आला नव्हता. मावशी पुटपुटत होत्या, एवढ्या गारठ्यात, काही झालं म्हणजे. तिनं लक्ष दिलं नाही. तिला राग आला होता आणि त्या रागानंच ती हे करत होती. सांगा म्हणावं एकदाचं. सगळ्यांसमोर सांगा, मग मी सोडते.

बॉनेट उघडून तिनं चावी फिरवली. खोकला, कुरकुर, धूर, आणि लगेच ती टकटक, आज गारठ्यामुळे जास्तच स्पष्ट. उडी मारून ती खाली आली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवलं, आणि खुर्ची आणखी पुढे ओढून मूठ त्याच्या कानामागे लावली. त्यानं डोळे मिटले. तिला त्याचा तो चेहरा ओळखता आला. रेडिओवर बातम्या ऐकताना तो असाच दिसायचा. नाही. तिनं टोक पुढे सरकवलं. नाही. इंजेक्टर. नाही. वाकून, हात लांब करून, खाली इंजिनाच्या पोटाशी, जिथं तिला भीती होती तिथं. त्यानं बराच वेळ ऐकलं, तिच्या मानेवर घाम आला. नाही. नाही म्हणजे इथं नाही, की इथं आहे? प्रत्येक ठिकाणी तोच शब्द, तोच चेहरा, आणि आवाज हळूहळू उतरायला लागलेला. दिवस संपत आल्यासारखा उतरायला लागलेला. "अहो, नीट सांगा ना," ती ओरडली, इंजिनावर आवाज जावा म्हणून की कशासाठी, तिलाही कळलं नाही. "वर की खाली? तेवढं तरी!"

त्यानं डोळे उघडले. डावा हात घोंगडीतून बाहेर काढला आणि तिची बाही धरली, तीच, रोज धरायचा तशी. ओढून नाकाशी नेली. नाही, नाही, नाही. तिनं हात हिसडला, पण त्यानं सोडला नाही. बाही हुंगायचा आणि मानेनं इंजिनाच्या पलीकडच्या बाजूकडे झटका द्यायचा, पुन्हा बाही, पुन्हा पलीकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, जोर लावल्यामुळे. मावशी पुढे झाल्या, वाकून त्यांनीही बाहीला नाक लावलं.

"धुराचा वास गं," त्या म्हणाल्या. "रोजच येतो तुझ्या अंगाला. मला वाटलं, ट्रकवाल्यांना येतच असेल."

तिनं स्वतः बाही हुंगली. तिला कसलाच वास आला नाही. वासात राहणाऱ्याला वास येत नाही. मग ती पलीकडच्या बाजूला धावली, जिथून धुराचा जाड नळा इंजिनातून निघतो तिथं, आणि तळवा जवळ नेला. थंड हवेत तिच्या तळव्यावर काहीतरी आपटलं. ऊन, बारीक फुंकर. टक, फुंकर. टक, फुंकर. कुणीतरी आतून बोट लावून बघतंय असं. नळ्याच्या बुडाशी एक बोल्ट मुंडकं तुटून बसला होता आणि सांध्याभोवती काजळीची काळी जीभ बाहेर आली होती. लोखंड तापू लागलं तशी फुंकर क्षीण होत गेली. सांध्यातली फट मिटत होती. पुरती मिटत नव्हती. काही वेळानं टकटक थांबली तरी तळव्याला काहीतरी लागत होतंच, आणि आता त्याला आवाज नव्हता. बेअरिंग नव्हतं. इंजिनाच्या पोटात काही नव्हतं. धूर होता, आणि धूर गिअरच्या दांड्याखालच्या फाटक्या रबरातून, काचा वर आणि हीटर चालू असलेल्या केबिनमध्ये शिरत होता, दिवसभर, घाटभर. ओला कापूस. शेवाळं दिसलं होतं तो कठडा.

ती ट्रकच्या पायरीवर बसली. घाबरायला हवं होतं, आणि ती घाबरली होतीच. पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी हललं. तो माणूस रोज संध्याकाळी तिच्या अंगाचा वास घेऊन तिला सांगत होता. जेवण बाजूला सारून सांगत होता. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली होती. आणि त्याच्या ज्या रागावर रेलून ती रोज सुखानं फाटकाबाहेर पडत होती, तो राग मुळी नव्हताच. ही खोली आता सोडून जायला कसं जमणार, असं तिच्या मनात आलं, आणि एवढ्या क्षणीही आपल्या मनात हेच आलं, याची तिला इतकी लाज वाटली की तिनं उठून चावी बंद केली आणि त्याची घोंगडी नीट करत राहिली, करत राहिली, मावशींनी हात धरेपर्यंत.

कारखान्याला तिनं उद्या येते म्हणून निरोप दिला. मिस्त्रीला धुराचं सांगितल्यावर तो त्याच दुपारी आला, मान वर करायला सवड काढून. तुटलेला बोल्ट कोरून काढला, नवं गॅस्केट बसवलं, गिअरखालचं रबर बदललं. काम चाललं असताना ती आत पलंगाशी बसली होती. बाहेरून हातोडीचे घाव येत होते. दिरांना तिनं फोन करून गिऱ्हाईक आणू नका म्हणून सांगितलं, आणि ते का म्हणाले तेव्हा, मला चालवायचाय, एवढंच. फोन ठेवल्यावर तिला कळलं की हे तिनं त्याच्यासमोर म्हटलं. गरज आहे असं नाही, चालवायचाय असं. तो छताकडे बघत होता. मग तिनं सगळंच सांगून टाकलं, कठड्यापासून सुरुवात करून, उलट्या क्रमानं, केबिनचं दार ओढलं की छातीत सैल होतं इथपर्यंत. "मला जायला आवडतं," ती म्हणाली. "तुम्ही इथं पडून असता आणि मला आवडतं." त्यानं काही म्हटलं नाही. त्याचा तो एकुलता एक शब्दही नाही. संध्याकाळी तिच्या हातून जेवला. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा गोठलेलं दव. तिनं खिडकीचं दार उघडून दिलं, उन्हं येतील म्हणून, आणि कपाळावर हात ठेवला. तोंडाशी आलेलं "येते हं" तिथंच राहिलं. केबिनमध्ये बसून तिनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, कुरकुरलं, लागलं. तिनं कान दिला. घरघर, नुसती घरघर, लहानपणापासून ओळखीची असावी अशी. तिच्यात दुसरं काही नव्हतं. काटा जागेवर. काच पुसून झाली. थांबायला काही कारण उरलं नव्हतं आणि ती थांबली होती. हात हॅंडब्रेकवर. त्यानं एकदा म्हणावं, असं तिला वाटलं. लांबवलेलं, आखूड, कसलंही, म्हणजे त्याच्यावर चिडून तरी निघता येईल. बाजूला खिडकीत हालचाल झाली. तो पलंगावर कडेपर्यंत सरकला होता, डावा हात गजांतून बाहेर काढलेला, ताणून. आणि त्यानं ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली.

ट्रकवाल्यांमध्ये मागे उभा असलेला माणूस पत्र्यावर हात मारून सांगतो, तोंडानं ओरडून इंजिनापुढे काही उपयोग नसतो म्हणून. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. हे सगळीकडे सारखं असतं, भाषा कुठलीही असो. तिनं त्याच्यासाठी कितीदा मारल्या होत्या. एकच पडली होती. तिनं हॅंडब्रेकवरचा हात काढला. चावीकडे नेला. इंजिन घरघरत होतं, पत्रा थरथरत होता, आणि गजांतला तो हात हवेत तसाच, उचलायला वेळ लागतोय की संपलंय, कळेना. ती बघत राहिली. मग तो हात हळूहळू वर गेला, गजाला आपटला, सावरला, आणि पत्र्यावर पडला.

दुसरी.

तिनं चावीवरचा हात काढला, ब्रेक सोडला, आणि मागे न बघता फाटकाकडे चाक वळवलं.